निष्कर्षाखालच्या रेघा

माझं एखादं जुनं पुस्तक कुणी उसनं मागितलं की मी जरा चाचरतो. पुस्तक परत येणार नाही ही भीती नसते. आतल्या पेन्सिलीच्या रेघा दुसऱ्यानं बघू नयेत असं वाटतं. विज्ञान, तत्त्वज्ञान, पुराणकथा असल्या विषयांवरची पुस्तकं मी तरुणपणापासून वाचत आलोय, आणि जवळजवळ सगळ्यांत रेघा एकाच जागी सापडतात: प्रकरणाच्या शेवटी, जिथे लेखक 'यावरून असं दिसतं की' म्हणतो तिथे. शेजारी समासात 'वा!', नाहीतर 'बिनतोड'. मधली पानं कोरी. लोकमान्य टिळकांच्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'ची माझी प्रत तर पुढून आणि मागून मळलेली आहे, मधे मात्र दुकानातून आणली तशीच.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं अडाणीपणातून झालं अशी सवलत मला घेता येणार नाही. गणिताचं उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब असतील तर मी पाचातला एक गुण द्यायचो. एकक लिहिलं नसेल तर तोही अर्धा करायचो. पोरं कुरकुरायची, "सर, उत्तर तर आलंय ना!" त्यावर माझं एक छोटंसं भाषण ठरलेलं असे. ते इथे देत नाही. घरी आल्यावर, खुर्चीत बसून, चहा घेत मी नेमकं त्या पोरांसारखंच वाचायचो.

सुरुवात फ्रिट्झॉफ काप्राच्या 'द ताओ ऑफ फिजिक्स'नं झाली असावी. १९७५ सालचं पुस्तक, माझ्या हाती बरंच उशिरा आलं. क्वांटम भौतिकी आणि पौर्वात्य तत्त्वज्ञान एकच सांगतात, हे त्यातलं सार मी ताबडतोब उचललं आणि कित्येक वर्षं वापरलं. ओळखीच्यांकडे भजनानंतर गप्पा रंगल्या की मी म्हणायचो, "हायझेनबर्गनं हेच तर सांगितलंय, बघणारा आहे म्हणून जग आहे." लोक माना डोलवायचे. भौतिकशास्त्राचा मास्तरच म्हणतोय म्हटल्यावर कोण काय बोलणार? आणि त्याच आठवड्यात सकाळच्या तासाला मी बारावीच्या मुलांकडून उदाहरण सोडवून घेतलेलं असायचं: दीडशे ग्रॅमचा चेंडू, त्याची जागा एका मिलिमीटरपर्यंत ठाऊक आहे, तर वेगातली किमान अनिश्चितता किती? उत्तर सेकंदाला मीटरमध्ये येतं, आणि दशांशचिन्हानंतर तीस शून्यं लिहून मग पस्तीस लिहावे लागतात. म्हणजे चेंडूच्या, खुर्चीच्या किंवा भजनी मंडळाच्या असण्यानसण्याशी या तत्त्वाचा काही संबंध पोचत नाही. सकाळचा फळा आणि संध्याकाळची बैठक यांची गाठ माझ्या डोक्यात कधी पडलीच नाही.

हे तसं निरुपद्रवी होतं. खरी फजिती २०१५ साली झाली.

त्या जानेवारीत मुंबईला भारतीय विज्ञान काँग्रेसचं १०२वं अधिवेशन भरलं आणि त्यात प्राचीन भारतातल्या विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला. वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. शिवकर बापूजी तळपदे यांच्यावरचा हिंदी सिनेमाही त्याच महिन्यात आला. आमच्या तालुक्याच्या गावी व्याख्यानमाला असते. तिथल्या मंडळींनी मला गाठलं, "सर, तुम्हीच बोला. विज्ञानाचे आहात, शिवाय वाचन आहे." वाचन आहे, या दोन शब्दांना मी भुललो.

तयारी म्हणून मी काय वाचलं? एक पुस्तिका आणि दोन-तीन लेख. तेवढ्यावर तासभर बोललो. १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर तळपद्यांनी 'मरुत्सखा' हे विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. ते पाऱ्यावर चालायचं. त्यामागे भरद्वाज ऋषींचं 'वैमानिक शास्त्र' होतं. सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे हजर असल्याचं मी असं सांगितलं की जणू मी त्यांच्या मागच्या रांगेत उभा होतो. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माणूस आणखी एक पायरी वर चढतो. मी म्हटलं, "भरद्वाजांनी जे लिहिलं ते आज नासा अभ्यासतेय." हे वाक्य मी कुठेही वाचलेलं नव्हतं. ते तिथेच, त्या माइकसमोर जन्मलं.

प्रश्नोत्तरांत एक मुलगी उठली. बारावीला माझ्याच वर्गात होती, पुढे तिनं संस्कृत घेतलं. तिनं विचारलं, "सर, तुम्ही तो ग्रंथ पाहिलाय का?"

मी म्हटलं, "ग्रंथ फार दुर्मीळ आहे."

"छापलेला आहे ना सर? इंग्रजी भाषांतरासकट?"

अध्यक्षांनी वेळेचं कारण देऊन आभार उरकले. मी सुटलो. पण दोन दिवसांनी ती घरी आली आणि छायाप्रतींचं एक बाड टेबलावर ठेवून गेली. "सवडीनं बघा, सर." आवाजात कुत्सितपणा अजिबात नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

बाडात १९७४ सालचा एक अभ्यास होता. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच जणांनी केलेला. त्यांनी 'वैमानिक शास्त्र' समोर ठेवून दोन वेगवेगळे प्रश्न घेतले. एक, हा ग्रंथ किती जुना? दोन, यातली विमानं उडतील का? पहिल्यासाठी त्यांनी संस्कृतची धाटणी तपासली, ग्रंथ ज्यांच्या तोंडून उतरला त्या सुब्बराय शास्त्रींची हकीकत त्यांना ओळखणाऱ्यांकडून घेतली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत तो सांगून लिहिला गेला, १९०४च्या आधीचा नव्हे, असं दाखवलं. चित्रं तर १९२३ सालची, बंगळूरच्या एका ड्राफ्ट्समननं काढलेली. दुसऱ्या प्रश्नासाठी त्यांनी शकुन, सुंदर, रुक्म आणि त्रिपुर अशा चारही विमानांची वर्णनं आणि मापं घेतली, वजन, उचल, रेटा यांच्या कसोटीला लावली. एकही उडत नाही. तळपद्यांचाही त्यात उल्लेख आहे: शास्त्रींच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रतिकृती करून पाहिल्या, पण एकही उडवता आली नाही. सुब्बराय शास्त्रींना मात्र या पाच जणांनी लबाड ठरवलं नाही. साधा, मनापासून सांगणारा माणूस, असंच त्यांचं चित्र त्यात येतं.

मी ते बाड दोनदा वाचलं. मला झोंबलं ते माझं म्हणणं खोटं ठरलं म्हणून नव्हे. झोंबलं ते असं: त्या ग्रंथाला पोकळ ठरवणाऱ्या पाच जणांनी तो श्लोकाश्लोकानं वाचला होता, आणि तासभर त्याची आरती ओवाळणाऱ्या मी त्याचं मुखपृष्ठही पाहिलेलं नव्हतं. त्या ग्रंथाचा मान त्यांनी राखला होता. मी तो नुसता मिरवला.

शिवाय मी प्रश्नही धड विचारला नव्हता. 'पहिलं विमान कुणाचं' म्हणजे नक्की कशात पहिलं? तळपद्यांचं यंत्र माणसाविना उडालं असं त्यांचे चाहतेही सांगतात. तसं असेल तर तुलना राइट बंधूंशी होतच नाही. १७ डिसेंबर १९०३चं त्यांचं महत्त्व बारा सेकंद का होईना, पण माणसाला घेऊन, ताबा ठेवून उडण्यात आहे. तळपद्यांची तुलना करायची तर अमेरिकेच्या सॅम्युएल लँगलीशी. त्याचं माणसाविना, वाफेवर चालणारं यंत्र मे १८९६मध्ये पोटोमॅक नदीवर जवळजवळ किलोमीटरभर गेलं, आणि ते हवेत असतानाचा फोटो टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलनं काढलेला आहे. चौपाटीचा असा एक फोटो मिळाला तर मी आनंदानं नाचेन. पण लँगलीचं नाव त्या भाषणापूर्वी मला आठवलंसुद्धा नव्हतं, आणि मी विज्ञानाचा.

एवढं झाल्यावर माणूस शहाणा होतो असं म्हणतात. मी उलट्या बाजूनं बिघडलो.

या सुमारास कार्ल पॉपर हाती लागला. त्यानं १९१९च्या व्हिएन्नातली एक हकीकत सांगितलीय. आल्फ्रेड आडलर या मानसशास्त्रज्ञाला त्यानं एका मुलाची केस सांगितली. आडलरला ती आपल्या न्यूनगंडाच्या सिद्धांतात बसवायला जराही वेळ लागला नाही, आणि त्यानं मुलाला पाहिलंही नव्हतं. एवढी खात्री कशी, असं विचारल्यावर आडलर म्हणाला, हजार केसेसचा अनुभव आहे. पॉपरनं सुनावलं, म्हणजे आता हजार आणि एक झाल्या. जो सिद्धांत कुठल्याच घटनेनं अडत नाही तो बळकट नसतो, त्यानं परीक्षाच दिलेली नसते, हा मुद्दा मला इतका आवडला की मी तो घेऊन गावभर हिंडलो. पुराणकथा? खोट्या ठरवता येत नाहीत, बाजूला ठेवा. वेदान्त? तपासता येत नाही, सोडा. पॉपरनं ही कसोटी विज्ञान कुठलं आणि विज्ञान कुठलं नाही एवढं ठरवायला मांडली होती. विज्ञान नाही ते फालतू, असं त्यानं म्हटलेलं नाही. उलट अशा कल्पनांतून पुढे विज्ञान उगवू शकतं असंच तो म्हणतो. तो भाग मधल्या पानांत होता.

या दिवसांत सगळ्यात वाईट वागलो ते आत्याशी. आत्या वर्षानुवर्षं वारीला जाते. आषाढीच्या आधी ती आमच्याकडे मुक्कामाला आली होती आणि मी नुकतंच रा. चिं. ढेऱ्यांचं 'श्रीविठ्ठल: एक महासमन्वय' वाचलं होतं, म्हणजे माझ्या पद्धतीनं वाचलं होतं. रात्री जेवताना मी तिला ऐकवलं, "आत्या, तुझा विठोबा मुळात वैकुंठातला वगैरे काही नाही. धनगर-गवळ्यांचा देव. नंतर त्याला विष्णू केला." मला वाटलं तिला धक्का बसेल. हो, मला तो बसायला हवाच होता.

आत्यानं भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "मग? धनगरांचा असला तर माझा नाही का? आमच्या दिंडीत धनगर आहेतच की रे." आणि बायकोला म्हणाली, "अगं, याला ताक वाढ. डोकं तापलंय याचं."

१९८४ सालचं ते ढेऱ्यांचं पुस्तक मी नंतर नीट, क्रमानं वाचलं. त्याला बराच काळ लागला, कारण ते सोपं नाही. ढेरे गुराख्यांच्या देवाचा माग काढतात हे खरं, विठ्ठल-बीरप्पाच्या जोडीपर्यंत जातात, तिरुपतीच्या वेंकटेशाशी नातं जुळवतात. पण माझ्यासारखे ते तिथे थांबून 'पकडलं!' म्हणत नाहीत. गवळ्यांचा देव, विष्णूचा अवतार, बौद्धांनी आणि जैनांनी आपला म्हटलेला देव, हे सगळे थर एकमेकांना न पुसता एका मूर्तीत कसे नांदतात, हा त्यांचा विषय. आत्यानं भाकरी मोडताना जे म्हटलं ते या पुस्तकाच्या जास्त जवळचं होतं. तिनं पुस्तक वाचलेलं नव्हतं आणि मी वाचलेलं होतं, असं म्हणायची पद्धत आहे.

महाभारतातही मी असाच तोंडघशी पडलो, पण ते थोडक्यात सांगतो. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला तेव्हा द्रौपदीनं 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' असा टोमणा मारला आणि त्यातून युद्ध पेटलं, यावर मी एका लग्नघरात तासभर वाद घातला होता. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत हा टोमणा नाहीच. भीम, अर्जुन, नकुल-सहदेव हसतात. दुर्योधन घरी जाऊन बापाला सांगताना द्रौपदीही बायकांसह हसल्याचं म्हणतो, एवढंच. १९१९ साली सुरू झालेलं आणि १९६६ साली पुरं झालेलं ते काम, साडेबाराशेच्या वर हस्तलिखितं ताडून पाहिलेली, माझ्या घरापासून एसटीच्या एका रात्रीवर. आणि मी लग्नघरात टीव्हीच्या मालिकेच्या आधारावर बाईमाणसाच्या जिभेला दोष देत होतो.

'युगान्त'चं प्रकरण जास्त नाजूक आहे. इरावती कर्व्यांनी त्यात धर्मराज हा विदुराचा मुलगा असावा का, असा प्रश्न घेतलाय. मी तो 'युधिष्ठिराचा खरा बाप विदुर' असा करून कितीतरी जणांना सांगितला, 'इरावतीबाईंनी सिद्ध केलंय' अशी पुरवणी जोडून. पुन्हा वाचताना पाहिलं, बाई एकेक धागा पुढे करतात: विदुर आणि धर्म यांचं नातं, अरण्यात मरताना विदुरानं योगबळानं आपलं अंगन् अंग युधिष्ठिरात सोडणं, आणि मरणाऱ्या बापानं मुलाला आपली इंद्रियं सोपवण्याचा उपनिषदातला विधी. आणि मग स्वतःच्याच तर्काला अडवतात: दिराकडून नियोग तर त्या काळी चालायचा, मग लपवलं कशासाठी? माझ्या प्रतीत पुराव्यांखाली रेघा आहेत, या अडवणुकीखाली नाही. लेखिकेनं मुद्दाम उघडं ठेवलेलं दार मी बाहेरून कडी घालून बंद केलं होतं.

द. ध. कोसंबींचं 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) वाचल्यावर मला वाटलं, हा माणूस आपल्याला बरा करील. गणिती माणूस, पण देवीच्या ठाण्यांविषयी लिहायचं तर पुण्याच्या आसपास स्वतः पायपीट करणारा. म्हातोबा, बोल्हाई यांची ठाणी, जुन्या वाटा आणि त्यांच्या काठी सापडणारी अश्मयुगातली बारकी दगडी हत्यारं यांचा एकत्र हिशेब मांडणारा. त्यांच्यासारखं करावं म्हणून मीही आमच्या गावच्या म्हसोबाच्या टेकडीवर गेलो. उन्हात वाकून वाकून एक करंगळीएवढी चकती मिळाली, दुधी, कडेला धार असलेली, मागच्या बाजूला लाटेसारखे वळसे. मी ती रुमालात गुंडाळून पुरातत्त्व शिकलेल्या एका स्नेह्याकडे नेली. त्यानं ती खिडकीपाशी धरली, नखानं कड चाचपली.

"दगड चॅल्सेडनीचाच आहे. कुठे सापडला?"

"टेकडीवर. वाटेच्या कडेलाच."

"वाट कधी केली?"

"मागच्या वर्षी ग्रामपंचायतीनं. खडी टाकून."

त्यानं चकती परत माझ्या हातात दिली. खडी फोडतानाही असे वळसे पडतात, त्यानं सांगितलं. मानवानं घडवलं म्हणायला धार मुद्दाम झिलपे काढून नीट केलेली दिसावी लागते, आणि एकट्यादुकट्या दगडापेक्षा त्यांचा घोळका मिळावा लागतो. मला या फजितीचं वाईट वाटलं नाही. चूक होती, पण पहिल्यांदा ती मधल्या पानांत झाली होती.

सध्या टिळक चालू आहेत. ती संस्कृतवाली मुलगी, आता प्राध्यापक आहे, रविवारी फोन करते आणि 'आर्क्टिक होम'चं एकेक प्रकरण आम्ही रेटतो. १९०३ सालच्या या पुस्तकाची बांधणी बघून अजूनही थक्क व्हायला होतं: एक वकील साक्षीदार उभे करत जातो आणि प्रत्येक साक्ष आधीच्या साक्षीला पुढे नेते. पूर्वी मी थक्क होऊन शेवटच्या पानावर उडी मारायचो. आता पाचव्या प्रकरणात, वैदिक उषांपाशी, अडकून पडलोय. तैत्तिरीय संहितेत तीस उषांचा उल्लेख आहे, तीस बहिणी. टिळक म्हणतात, ही एकच सलग पहाट, तीस दिवस चाललेली, आणि अशी पहाट ध्रुवाच्या आसपासच होते.

हे गणित माझ्या हातचं आहे, म्हणून करून पाहिलं. उत्तर ध्रुवावर वसंतसंपाताच्या सुमाराला सूर्य दिवसाला साधारण ०.४ अंश वर सरकतो. पहाट कधी सुरू झाली म्हणायचं? सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर आल्यापासून मोजलं तर पंधराएक दिवस. बारा अंशांपासून, महिना. अठरापासून, पन्नास दिवस. म्हणजे तीस मिळतात, पण मधली हद्द धरली तरच, आणि तेही ध्रुवबिंदूवर, जिथे आज चार हजार मीटर खोल समुद्र आहे. पाच अंश खाली उतरलं की सूर्य दर चोवीस तासांत पाच अंश वर-खाली झुलतो आणि सलग पहाट आखडत जाते.

मी हे तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, "सर, हद्द टिळकांनी नाही निवडली, तुम्ही निवडताय. त्यांनी तीस हा आकडा संहितेतून घेतलाय. तुमचा आक्षेप आकड्याला नाही लागत. त्या तीस उषा सलग आहेत हे कशावरून, याला लागतो. महिन्याच्या तीस वेगवेगळ्या सकाळी का नाहीत? सूक्तात बघा, त्या एकत्र फिरतात म्हटलंय की एकामागून एक."

मला संस्कृत जेमतेम येतं. रविवारपर्यंत तो भाग पदच्छेद करून आणायचा, असं तिनं सांगितलंय. सायणभाष्य मी वाचनालयातून आणलंय, त्यात सायणाचार्य भलतंच काहीतरी म्हणतायत, आणि टिळकांनी सायणांना का सोडलं ते प्रकरणाच्या मध्यावर कुठेतरी आहे.